शाहू छत्रपती व लिंबची विहीर

आपल्या रहिमतपुरात रणदुल्लाखानाची कबर व तिच्या शेजारची मशीद सर्वांच्या परिचयाची आहे. विजापूरच्या आदिलशाहीतील तो एक मोठा सरदार. त्या मशिदीच्या आग्नेय बाजूस एक जुनी विहीर व तिला लागून सुमारे ५० फूट उंचीचा मनोरा आहे. या मनोऱ्यावर चढण्यास उतरता रस्ता बांधलेला असल्यामुळे लोक त्यास हत्तीची मोट म्हणतात. विहिरीचे पाणी उंच चढवावे व त्या उंचीच्या जोरावर मशिदीतील कारंजे उडवावे, अशी ती योजना होती. शाळेच्या वाटेवर येता जाता आपण अशा वस्तूंकडे पाहतो खरे. परंतु त्या कोणी बांधल्या, कशासाठी बांधल्या व पुढे त्यांचे काय झाले, हा विचार आपल्या मनात क्वचितच येतो.

याच सातारा जिल्ह्यात, सातारा शहराच्या उत्तरेस सुमारे १६ किलोमीटरवर, कृष्णाकाठी लिंब नावाचे गाव आहे. तेथे पाण्याचे याहूनही थोर असे एक काम आहे. त्यास बारामोटेची विहीर असे म्हणतात. ज्या राजाच्या कारकिर्दीत व ज्याच्या घरच्या एका स्त्रीच्या हातून ही विहीर झाली, त्या शाहू छत्रपतींचे चरित्र या अंकात आमच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवावे असे मनात आले. त्यांच्या कारकिर्दीतील लढाया व तह शाळेच्या पुस्तकांत असतातच. या लेखाचा मुख्य विषय निराळा आहे. उद्ध्वस्त झालेल्या मुलखात पुन्हा पाणी, झाड व माणूस कसे आणावे, हे त्या राजाच्या आयुष्याकडे पाहून समजते.

शाहूंचा जन्म १८ मे १६८२ रोजी माणगावजवळच्या गांगवली या गावी झाला. संभाजी महाराज हे त्यांचे पिता व येसूबाई या माता. शिवछत्रपतींचा हा नातू सात वर्षांचाही झाला नव्हता तोच, मार्च १६८९ मध्ये, औरंगजेबाने संभाजी महाराजांचा वध करविला. त्याच वर्षाच्या अखेरीस रायगड मोगलांच्या हाती पडला व येसूबाई आणि बालशाहू बादशहाच्या कैदेत गेले. त्यानंतरची सुमारे १८ वर्षे या मुलाने बादशाही छावणीत काढली. छावणी म्हणजे चालते शहरच होते. आज एका किल्ल्याखाली तर उद्या दुसऱ्या नदीकाठी असा तिचा मुक्काम असे. औरंगजेबाची कन्या झीनतुन्निसा हिने या मायलेकरांवर ममता केली, व इतिहासाने तिचे हे चांगुलपण लिहून ठेवले आहे. तथापि कैद ती कैदच. ज्या वयात इतर राजपुत्र घोड्यावर बसून मुलूख पाहतात, त्या वयात शाहूंनी आपला मुलूख पाहिला तो तंबूच्या कनातीआडून. आणि जो पाहिला तोही कसा? सैन्याच्या पायांखाली तुडवलेली शिवारे, चाऱ्यासाठी व सरपणासाठी तोडलेली झाडे आणि ओस पडलेली गावे, हेच त्यांच्या बाळपणीचे चित्र होते.

१७०७ साली अहमदनगराजवळ औरंगजेब मरण पावला. त्याचा पुत्र आझमशहा राज्यासाठी उत्तरेकडे निघाला असता वाटेत त्याने शाहूंना सोडून दिले. मात्र येसूबाईंना ओलीस म्हणून मागे ठेवून घेतले. पंचवीस वर्षांचा हा तरुण, ज्याला युद्धाचा अनुभव नाही, ज्याच्याजवळ खजिना नाही, असा मूठभर माणसांनिशी दक्षिणेकडे वळला. वाटेत परसोजी भोसले, नेमाजी शिंदे इत्यादी सरदार त्यांस मिळत गेले.

याच प्रवासातील एक प्रसंग विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पारद नावाच्या गावी तेथील पाटलाने शाहूंच्या लोकांना विरोध केला. लढाई झाली व पाटील मारला गेला. त्याची विधवा आपल्या लहानग्या मुलास घेऊन आली व तिने ते मूल शाहूंच्या पालखीत टाकले. ज्याच्या लोकांनी बाप मारला, त्याच्याच पदरात आईने मूल घातले! शाहूंना आपले बाळपण आठवले नसेल काय? त्यांनी त्या मुलास आश्रय दिला, फत्तेसिंह असे त्याचे नाव ठेविले व त्यास पुत्रवत वाढविले. अक्कलकोटच्या भोसले घराण्याचा हाच मूळ पुरुष होय. या मुलाचे संगोपन पुढे ज्या स्त्रीने केले, तिचे नाव विरूबाई. लिंबची विहीर तिच्याच नावाने ओळखली जाते. तिचा उल्लेख पुढे येईल.

महाराष्ट्रात पाऊल टाकताच शाहूंना दुसऱ्या संकटास तोंड द्यावे लागले. राजारामांच्या पत्नी ताराबाई यांनी मोठ्या शौर्याने राज्य सांभाळले होते. त्यांनी शाहूंचा हक्क मान्य केला नाही व हा तोतया आहे असे पुकारले. १२ ऑक्टोबर १७०७ रोजी भीमातीरी खेड येथे दोन्ही पक्षांची गाठ पडली. ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूंस येऊन मिळाले व लढाईचा निकाल लागला. पुढे सातारचा किल्ला हाती आला व १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास शाहूंचे राज्यारोहण झाले. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी त्यांनी जी वस्ती वसविली ती शाहूनगर, म्हणजेच आजचे सातारा शहर.

आता या नव्या राजाच्या हाती आले काय, ते पाहा. औरंगजेबाच्या दक्षिणेतील मोहिमांस जवळजवळ पंचवीस वर्षे झाली होती. त्यातच १७०२ ते १७०४ च्या सुमारास दुष्काळ व साथींनी लोक हैराण झाले. कुळे परागंदा झाली, बैल गेले, विहिरी बुजल्या. राज्य मिळाले, परंतु राज्याला खायला घालणारी जमीन पडीत होती. अशा वेळी तलवारीने खजिना भरण्याचा मार्ग सोपा दिसतो. पण शाहू व त्यांचे पेशवे बाळाजी विश्वनाथ, ज्यांस १७१३ साली पेशवेपद मिळाले, त्यांनी राज्याची घडी पुन्हा बसविण्याकडे लक्ष दिले. पळून गेलेल्या कुळांना कौल देऊन परत बोलवावे, पडीत जमीन लागवडीस आणणारापासून पहिली वर्षे हलका सारा घ्यावा व पुढे तो क्रमाक्रमाने वाढवावा, ही इस्ताव्याची रीत मराठी राज्यात जुनीच होती. तिलाच आता नवे महत्त्व आले. हे काम लढाईसारखे एका दिवसात होत नाही. एक आंब्याचे झाड लावून त्याचे फळ खायला जितकी वर्षे लागतात, तितकी वर्षे उजाड गाव नांदते व्हायला सहज लागतात.

१७१९ हे साल शाहूंच्या आयुष्यात मोठ्या आनंदाचे उगवले. बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून स्वराज्य, चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परत आले, आणि त्यांच्याबरोबर मातुश्री येसूबाई साताऱ्यास आल्या. तीस वर्षांपूर्वी रायगडावरून निघालेली ती माउली अखेर आपल्या घरी पोहोचली. ज्या वर्षी हे घडले, त्याच वर्षी, म्हणजे शके १६४१ मध्ये, लिंब येथे विहिरीचे काम सुरू झाले, व शके १६४६ मध्ये, म्हणजे १७२४ च्या सुमारास, ते पुरे झाले. विहिरीवरील शिलालेखात हे शक व विरूबाई भोसले यांचे नाव कोरलेले आहे. विरूबाई या शाहूंच्या वाड्यातील कारभार पाहणाऱ्या मानकरी स्त्री होत्या. त्या १७४० मध्ये निधन पावल्या व त्यांची उत्तरक्रिया त्यांनी वाढविलेल्या फत्तेसिंहाने केली.

विहीर अष्टकोनी असून तिचा व्यास सुमारे ५० फूट व खोली सुमारे ११० फूट सांगतात. सर्व बांधकाम घडीव दगडाचे आहे. प्रशस्त पायऱ्या उतरून गेले की कमानीखालून वाट जाते. मुख्य विहीर व तिला जोडलेली लांबट उपविहीर यांच्या मधोमध एक लहानसा महाल काढलेला आहे. त्याच्या खांबांवर गणपती, मारुती इत्यादी आकृती कोरलेल्या आहेत व भिंतींवर वाघासारख्या श्वापदांची शिल्पे आहेत. उन्हाळ्याच्या भर दुपारी वर रस्ता तापलेला असावा व या महालात पाण्यावरून येणारा थंड वारा अंगावर घ्यावा, हा अनुभव ज्याने घेतला त्यास राजा येथे विसाव्यास येत असे या परंपरेवर विश्वास ठेवण्यास वेगळा पुरावा लागत नाही.

परंतु महाल हा या विहिरीचा हेतू नव्हे. हेतू होता तो शेताला व आंब्यांच्या बागेला पाणी देण्याचा. विहिरीच्या माथ्यावर बारा मोटा एकाच वेळी चालाव्यात अशी सोय आहे. आजच्या मुलांपैकी पुष्कळांनी मोट पाहिलेली नसेल, म्हणून थोडे सांगतो. मोट म्हणजे कातड्याची मोठी थोरली पखाल. तिच्या खालच्या टोकास सोंड असते. नाड्याचे एक टोक मोटेला व दुसरे बैलांच्या जुवाला बांधलेले असते. बैल उतरत्या धावेवरून खाली गेले की भरलेली मोट चाकावरून वर येते व सोंडेतून पाणी थारोळ्यात पडते. तेथून ते पाटाने वाफ्यांत जाते. मग बैल मागे हटत वर येतात व रिकामी मोट पुन्हा विहिरीत उतरते. एका मोटेस निदान एक जोडी धरली तरी बारा मोटांस चोवीस बैल झाले. शिवाय बारा मोटकरी, आणि दारी पाणी वळविणारी माणसे वेगळी. पहाटेच्या अंधारात चाकांचा कुरकुर आवाज सुरू झाला की लिंबच्या शिवारात जाग येत असेल. शिलालेखात विरूबाईंचे नाव आहे; या मोटकऱ्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. परंतु त्यांच्यावाचून ती विहीर म्हणजे केवळ एक खोल खड्डा ठरला असता, हे आपण विसरू नये.

शाहू महाराजांचा स्वभाव साधा व दयाळू होता. बागा, फळझाडे, शिकार, घोडे व कुत्री यांची त्यांना फार आवड. एकदा शिकारीत वाघ अंगावर आला असता त्यांच्या एका आवडत्या कुत्र्याने त्यांचे प्राण वाचविले. राजाने त्या मुक्या प्राण्यास पालखीचा मान दिला. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ याने आणखी एक गोष्ट नमूद केली आहे. काही सरदार आपल्या वैभवाचा तोरा मिरवीत दरबारास येणार होते. त्या दिवशी महाराजांनी आपल्या कुत्र्याला जरीची वस्त्रे व दागिने घातले आणि आपली पगडीही त्याच्या मस्तकावर ठेविली. ते स्वतः साध्या वेषात व उघड्या डोक्याने बसले, व त्यानंतर त्यांनी पुन्हा कधी पगडी घातली नाही असे तो सांगतो. भरजरी कपड्याने माणूस मोठा होत नाही, हा धडा त्या दरबारास न बोलता मिळाला.

चरित्र लिहिताना गुणांबरोबर उणिवाही सांगितल्या पाहिजेत, नाही तर ती केवळ स्तुती होते. कैदेतील दीर्घ वास्तव्यामुळे शाहूंना स्वतः मोहिमा चालविण्याची सवय नव्हती. त्यांनी कर्तबगार माणसे ओळखली, पहिल्या बाजीरावासारख्या विशीतल्या तरुणास १७२० मध्ये पेशवेपद देण्याचे धैर्य दाखविले. परंतु पुढे पुढे सत्ता साताऱ्याहून पुण्याकडे सरकत गेली. १७३१ मध्ये वारणेचा तह होऊन सातारा व कोल्हापूर यांचा वाद मिटला, तरी घरातील कलह सरले नाहीत. त्यांना पुत्र राहिला नाही. १५ डिसेंबर १७४९ रोजी साताऱ्यास त्यांचा अंत झाला. कृष्णा व वेण्णा यांच्या संगमावर, माहुली येथे, त्यांची समाधी आहे, आणि त्यांच्या त्या इमानी कुत्र्याचे स्मारकही माहुलीसच आहे.

राजाची सत्ता गेली. पेशवाईही १८१८ मध्ये संपली. सातारचे राज्य १८४८ मध्ये इंग्रजांनी खालसा केले. लिंबची विहीर मात्र राहिली. ती का राहिली? दगड मजबूत होता हे एक कारण खरे. पण तेवढेच नव्हे. तिचे पाणी लोकांच्या कामाचे होते. पुढे पंप आले व मोटा थांबल्या. बारा धावांवरचे बैल गेले. ती जुनी अमराईही पूर्वीच्या रूपात आज उरलेली नाही. दूरदूरचे लोक आता ही विहीर पाहावयास येतात, हे चांगलेच आहे. परंतु येथेच एक धोका आहे, व तो सांगण्यासाठीच हा लेख लिहिला आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गाची सहल तेथे गेली होती. सर्व मुले कमानी व शिल्पे पाहून हरखून गेली. परत निघताना एका लहान मुलाने विचारले की, गुरुजी, हे पाणी ज्या झाडांसाठी काढले, ती झाडे कोठे आहेत? मला त्यास नीट उत्तर देता आले नाही. शेत, बाग, विहीर व माणसे हे सारे मिळून एकच काम होते. त्यातील केवळ दगडी भाग आपण स्मारक म्हणून जपतो व उरलेला विसरतो, हे त्या मुलाच्या ध्यानात आले होते, माझ्या आले नव्हते.

इतर देशांतील लोकांनी याचा विचार केला आहे. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांची माउंट व्हर्नन येथील वाडी पडझडीस आली असता तेथील स्त्रियांनी १८५३ मध्ये मंडळ स्थापून वर्गणी गोळा केली व १८५८ मध्ये घर व त्याभोवतीची सुमारे २०० एकर जमीन विकत घेण्याचा करार केला. तेथे आज घराबरोबर बागा व शेतीही दाखविली जाते, आणि त्या मळ्यांवर राबलेल्या गुलामांची आठवणही ठेविली जाते. गुलामगिरीत जन्मलेले थोर शेतीशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचे बाळपण मिसुरी प्रांतातील ज्या शेतावर गेले, ते १९४३ मध्ये राष्ट्रीय स्मारक ठरविण्यात आले. तेथे मुले ओढ्याकाठच्या रानातून फिरतात व कार्व्हर लहानपणी जी रोपे पाहत असत त्या जातीची रोपे पाहतात. जपणूक म्हणजे नुसते कुंपण घालणे नव्हे, हे यावरून दिसते.

लिंबसारख्या ठिकाणी काय करता येईल? पहिली गोष्ट बांधकामाची. दगडांच्या सांध्यांत वड-पिंपळाचे रोप रुजले की त्याची मुळे चिरे फोडतात. ते कोवळे असतानाच जाणत्या माणसाकडून काढविले पाहिजे. दुसरी गोष्ट पाण्याची. विहिरीत कचरा पडू देणे हे जितके वाईट, तितकेच आसपास विंधनविहिरी घेऊन जमिनीतले पाणी उपसून टाकणे वाईट. कोरड्या विहिरीचे शिल्प कितीही सुंदर असले तरी ते निष्प्राण होय. तिसरी गोष्ट झाडांची. आपल्या भागातील जुने रायवळ आंबे कोयीपासून उगवलेले असतात, म्हणून प्रत्येक झाडाची चव निराळी. असे एक झाड पडले की त्याची ती चव कायमची गेली, कारण त्याची कोय लावली तरी तेच फळ येईल असा नेम नसतो. केवळ कलम करूनच ते वाण राखता येते. जुन्या झाडांची कलमे बांधून अशा विहिरीभोवती पुन्हा अमराई उभी करणे अशक्य नाही. मग तेथे कोकिळा येतील, पोपट येतील, आणि पाहणारास विहिरीचा अर्थ विचारावा लागणार नाही. एखादी मोटही दुरुस्त करून बैलांसह चालवून दाखविली, तर शंभर पाट्यांनी जे समजत नाही ते मुलांना एका घटकेत समजेल.

पालकांस एक विनंती आहे. सुटीत मुलांना लिंब, माहुली व आपल्या गावची हत्तीची मोट ही तिन्ही स्थळे दाखवा. दगडावर आपले नाव कोरू नका, म्हणून सांगा. विरूबाईंचे नाव तेथे आहे ते पाच वर्षांच्या कामानंतर आहे. घरी एखादी जुनी विहीर असेल तर ती गाळाने व केरकचऱ्याने बुजू देऊ नका.

आणि विद्यार्थ्यांनो, ज्याचे बाळपण कैदेत गेले, ज्याने लहानपणी केवळ उजाड शिवारे पाहिली, त्या राजाच्या घरून मुलखाला विहीर व आंब्याची सावली मिळाली. आपल्याला मिळालेले दुःख पुढच्यांना द्यावयाचे की त्यांच्यासाठी पाणी काढून ठेवावयाचे, ही निवड प्रत्येकाच्या हाती असते. या पावसाळ्यात आंब्याची एक कोय तरी लावा, व पहिली तीन-चार वर्षे उन्हाळ्यात तिला स्वतःच्या हाताने पाणी घाला.